बकलर्स हार्ड: नदीकाठचं गोड गाव की युद्धनौकांचा कारखाना?

खाडीकर

इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी लोकांकडे भारतातून पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो, आधी स्टोनहेंज, मग न्यू फॉरेस्टमधली रस्त्यात मोकळी फिरणारी घोडी, आणि दिवस उरला तर ब्यूली नदीवरचं बकलर्स हार्ड. तिथे पोचल्यावर शंभरातले नव्वद लोक एकच बोलतात, अगं किती शांत, किती गोड गाव आहे. मग फोटो, आईस्क्रीम, घरी. माझं म्हणणं एवढंच आहे की हे गाव भरात होतं तेव्हा ना शांत होतं ना गोड, आणि तो भाग कळला नाही तर तिथे बघण्यासारखं खरंच काही नाही, गवत आणि विटा.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: लाल विटांच्या छोट्या घरांच्या समोरासमोर दोन ओळी, मध्ये गवताळ उतार, आणि उतार संपतो तिथे नदी. संपलं गाव. पण त्या दोन ओळींमधलं अंतर आहे जवळपास ८० फूट! मूठभर घरांच्या वस्तीला एवढा रुंद रस्ता कशाला हवा, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर पडायला हवा, फारसा कुणाला पडत नाही.

रस्ता आखला तो साखरेसाठी. १७२० च्या दशकात इथला जमीनदार जॉन, दुसरा ड्यूक ऑफ माँटेग्यू, याला राजाकडून वेस्ट इंडीजमधली सेंट लुसिया आणि सेंट व्हिन्सेंट ही बेटं मिळाली. तिकडून साखर आणायची, इथे आपल्या मालकीच्या नदीवर उतरवायची, आणि एक टुमदार बंदर वसवायचं असा बेत, नाव पण ठरलं होतं, माँटेग्यू टाउन. १७२२ ला मोठ्या खर्चाने जहाजं पाठवली आणि फ्रेंचांनी त्यांना तिथून हुसकावून लावलं. साखर आली नाही, टाउन झालं नाही, रुंद रस्ता आणि थोडी घरं तेवढी राहिली.

पण जागेत दम होता. मागे न्यू फॉरेस्ट, म्हणजे ओकची झाडं गाडीवाटेच्या अंतरावर. नदी खोल, वळणावळणाची, वाऱ्यापासून आडोसा. काठाला चिखलाच्या मधोमध खडीचा कठीण उतार. आणि पोर्ट्समथची नौदलाची मोठी गोदी पाण्याच्या वाटेने जवळ. युद्ध सुरू झालं की सरकारी गोद्यांना काम आवरायचं नाही, मग नेव्ही बोर्ड, म्हणजे नौदलाची जहाजं बांधून घेणारं खातं, खाजगी बांधणाऱ्यांना कंत्राटं द्यायचं. १७४० च्या दशकात इथे असं काम सुरू झालं, आणि देखरेख करायला नौदलाने डेप्टफर्डच्या गोदीतून हेन्री ॲडम्स नावाचा तरुण जहाजसुतार पाठवला. गडी आला तो परत गेलाच नाही, पुढे स्वतःच कंत्राटदार झाला आणि चाळीसहून जास्त जहाजं बांधून १८०५ मध्ये ९२ व्या वर्षी वारला. नदीकाठचं त्याचं घर आज हॉटेल आहे, मास्टर बिल्डर्स.

आता त्या ८० फुटांत काय चालायचं ते बघा. सगळा उतार ओकच्या ओंडक्यांनी भरलेला, घरांच्या दारापर्यंत. खाली काठाला करवतीचे खड्डे. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, एक करवत्या वर ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात, आणि माणसापेक्षा उंच करवत दोघांनी वरखाली ओढायची. वरचा अनुभवी, आखलेल्या रेघेवर करवत ठेवणं त्याचं काम, मान त्यालाच. खालच्याच्या डोळ्यांत, नाकात, सदऱ्यात दिवसभर भुसा. जहाजाची एकेक फळी अशी निघायची. त्यापुढे वाकस घेऊन तासणारे सुतार, लोहारांच्या भट्ट्या, फळी वाफेवर मऊ करून बाक द्यायच्या पेट्या, लाकडी खिळे करणारे (हो, फळ्या फासळ्यांना मुख्यतः ओकच्याच जाड खुंट्यांनी ठोकायचे), आणि फटींत जुने दोरखंड पिंजून केलेले तंतू ठासून वर गरम डांबर ओतणारे. ठोकठोक, धूर, डांबराचा वास, बैल-घोड्यांचं शेण, आणि पावसाळी हवेत सगळा चिखल. यात गोड काय होतं?

ॲगामेम्नॉन हे इथलं सगळ्यात प्रसिद्ध जहाज, ६४ तोफांचं. १७७७ मध्ये काम सुरू, एप्रिल १७८१ मध्ये पाण्यात. सुमारे २००० ओक लागले असं सांगतात. ब्रिटिश नौदलाचा सगळ्यात गाजलेला सेनानी नेल्सन, त्याला १७९३ ला याची कप्तानी मिळाली आणि त्याचं सगळ्यात लाडकं जहाज हेच. खलाशांना ग्रीक नाव उच्चारता येईना म्हणून ते त्याला "एग्ज अँड बेकन" म्हणायचे. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत (ब्रिटिश विरुद्ध फ्रेंच-स्पॅनिश आरमार) ॲगामेम्नॉन, युरायलस आणि स्विफ्टशुअर अशी तीन जहाजं या एका उतारावरची होती.

तर मंडळी, कुणी गेलं असेल तर लिहा, आणि सुतारकाम, गोदीकाम यातलं कळणारे असतील तर जास्तच लिहा.

पुणेरी_कट्टा

लेख चांगला आहे पण सूर कळला नाही. लोकांनी गावाला गोड म्हटलं तर बिघडलं कुठे? रायगडावर गेल्यावर आपण पण वारा मस्त आहे म्हणतोच की, तिथे शिबंदी किती होती ते मोजत बसत नाही. आणि अडीचशे वर्षांपूर्वी तिथे धूर होता म्हणून आज मी गवतावर डबा उघडायचा नाही का 😀

खाडीकर

डबा उघडा हो, थालीपीठ असेल तर मलाही बोलवा. माझा मुद्दा वेगळा आहे. ही घरं "खेड्यातली घरं" म्हणून कुणी बांधलीच नाहीत, कामगारांच्या चाळी म्हणा हवं तर. शेतीवर जगणारं गाव नव्हतं हे. नौदलाची ऑर्डर आली की माणसं यायची, संपली की पांगायची. तिथल्या म्युझियमने (१९६३ ला लॉर्ड माउंटबॅटनच्या हस्ते सुरू झालं) घरांच्या आत १७९० च्या दशकातली मांडणी करून ठेवलीये, एक कुशल जहाजसुताराचं घर आणि एक मजुराचं. दोन्ही लागोपाठ बघा. सुताराकडे बऱ्यापैकी फर्निचर, भांडी, मजुराकडे अंधार आणि दाटी. बाहेरून विटा सारख्याच.

मालवणी_मासो

वा वा, आमच्या घरचो विषय काढलास. आजोबा होड्या बांधायचे, त्यामुळे वाकस शब्द वाचूनच बरं वाटलं. एक शंका, सरळ फळी करवतून निघते हे ठीक, पण जहाजाच्या पोटाला जो बाक असतो, फासळ्या, कोपरे, ते कसे करायचे? आमच्याकडे आजोबा झाड उभं असतानाच फांदी बघून ठरवायचे की ही अमुक जागी बसेल. लाकूड वाफवून वाकवलेलं जाड कामाला टिकत नाही, फळीपुरतं ठीक.

खाडीकर

बरोबर, तिथेही तेच. वाफ फक्त फळ्यांना. फासळ्या आणि डेकच्या तुळया जिथे बाजूच्या भिंतीला मिळतात तिथले काटकोनी आधार, ते निसर्गतःच वाकलेल्या लाकडातून काढायचे, म्हणजे रेषा बाकाबरोबर वळत जातात आणि लाकूड फाटत नाही. गंमत म्हणजे यासाठी घनदाट जंगलातलं झाड फारसं उपयोगाचं नाही, ते उजेडासाठी सरळ वर जातं. शेताच्या बांधावर किंवा मोकळ्यावर एकटा वाढलेला ओक आडवातिडवा पसरतो, त्याला खरी किंमत. जहाजबांधणीवाल्यांची माणसं रानोमाळ फिरून अशी झाडं हेरायची. जहाजाच्या तळाचा कणा मात्र ओकचा नसून एल्मचा असायचा, कारण एल्म कायम पाण्यात बुडून राहिला की कुजत नाही, ओलं-सुकं झालं तर मात्र वाट लागते.

मालवणी_मासो

असाच असतला! आमच्याकडे पण खालच्या लाकडाची निवड वेगळी आणि वरची वेगळी. बाकी आडोशाच्या जागेबद्दल लिहिलंय ते वाचून विजयदुर्गाजवळची गिर्याची गोदी आठवली, वाघोटण खाडीत आत, समुद्रावरून दिसणार पण नाही अशा जागी. आंग्र्यांच्या आरमाराची जहाजं तिथे दुरुस्तीला यायची. जहाज बांधणारा माणूस जगात कुठलाही असो, जागा शोधताना डोकं सारखंच चालतं.

सडेतोड

साखरेचं तुम्ही एका परिच्छेदात उरकलंत, ते पटलं नाही. १७२० मध्ये वेस्ट इंडीजची साखर म्हणजे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांची साखर, दुसरी नव्हतीच. ड्यूकसाहेबांचा बेत जमला असता तर हे "टुमदार बंदर" त्या पैशावर उभं राहिलं असतं. फ्रेंचांनी हाकललं म्हणून गाव सुटलं, ड्यूकच्या मनात पाप आलं म्हणून नाही. आणि पुढे जी जहाजं बांधली तीही काही मासे पकडायला नव्हती, त्याच वसाहती आणि तोच व्यापार राखायला होती. फक्त करवत्यांच्या घामाबद्दल हळवं व्हायचं आणि जहाज कशासाठी होतं ते बाजूला ठेवायचं, हे अर्धंच झालं.

खाडीकर

मान्य, हे लिहायलाच हवं होतं असं तुम्ही म्हणताय आणि तुमचं लिहून झालं, त्यामुळे धाग्यात आलं. माझा त्याला विरोध नाही. फक्त करवत्याला हा हिशोब विचारण्यात अर्थ नाही, त्याला फळीमागे पैसे मिळायचे, जहाज कुठे जाणार ते लंडनमध्ये ठरायचं.

सडेतोड

करवत्याला नाही विचारत, आज फोटो काढणाऱ्याला विचारतोय.

पुणेरी_कट्टा

झालं, आता थालीपीठ पण घशाखाली उतरायचं नाही.

रेवा_के

या सगळ्यात बायका कुठेत? की पूर्ण गावात नुसते दाढीवाले सुतार होते 🙄

खाडीकर

रास्त प्रश्न. कंत्राटाच्या कागदांत बायका दिसत नाहीत पण घरं त्यांच्यावरच चालत होती, कामाला आलेल्या एकट्या माणसांचं खाणंपिणं, धुणं, आणि डांबर लागलेले कपडे धुणं म्हणजे काय ते कल्पना करा. पूर्वेकडच्या ओळीत एका घरात आता छोटंसं सेंट मेरीज चॅपल आहे, कुणी सांगितल्याशिवाय कळत पण नाही की आत प्रार्थनास्थळ आहे, त्याच घरात आधी लहान मुलांची शाळा भरायची. आणि ते फटीत ठासायचे तंतू मी लिहिले ना, त्याची दुसरी बाजू अशी की इंग्लंडभर वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवायच्या सरकारी कोंडवाड्यात, बायका-म्हाताऱ्यांना आणि तुरुंगात कैद्यांना बसवून जुने डांबरलेले दोर बोटांनी सोडवायला लावायचे. नखं निघायची. युद्धनौकेची एकेक फट बुजवायला ते लागायचं.

रेवा_के

बापरे. हे म्युझियमच्या पाटीवर मोठ्या अक्षरात पाहिजे.

गिरगावकर

धागा मुंबईशिवाय पूर्ण होणार नाही म्हणून येतोय. ओकची बोंब इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटी खूप वाढली, चांगलं मोठं झाड तयार व्हायला शंभर वर्षं लागतात आणि युद्धं काही थांबत नव्हती. मग नौदलाची नजर गेली मुंबई गोदीकडे. तिथे वाडिया घराणं, लवजी नसरवानजी सुरतेहून १७३६ ला मुंबईत आलेले, १७५० ची बॉम्बे डॉक त्यांच्या काळातली. मलबारचा साग वापरून जमशेटजी बमनजी वाडियांनी १८१० मध्ये मिंडेन हे ७४ तोफांचं जहाज थेट रॉयल नेव्हीसाठी बांधलं, नंतर १८१३ चं कॉर्नवॉलिस, ज्यावर १८४२ मध्ये ब्रिटन आणि चीनमधला नानकिंगचा तह झाला. सागात तेल असतं, कीड लागत नाही, लोखंडी खिळा गंजत नाही, ओकमध्ये आम्ल असल्यामुळे लोखंड खातं. त्यामुळे सागाची जहाजं ओकच्या जहाजांना आयुष्यात मागे टाकायची.

आणि पुरावा इंग्लंडमध्येच उभा आहे: ट्रिंकोमाली. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेली फ्रिगेट, म्हणजे हलकी वेगवान युद्धनौका, आज हार्टलपूलला, आणि अजून तरंगते. हिच्या बांधणीचे नकाशे इंग्लंडहून ज्या जहाजाने पाठवले होते ते जावा नावाचं जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने लढाईत संपवलं, नकाशे त्याच्याबरोबर गेले, परत नवे पाठवावे लागले. बकलर्स हार्डचं एक तरी जहाज शिल्लक आहे का हो?

खाडीकर

एकही नाही. ॲगामेम्नॉन १८०९ मध्ये उरुग्वेच्या किनाऱ्यावर, रिव्हर प्लेटच्या मुखाशी माल्डोनाडोच्या खाडीत वाळूत रुतलं आणि तिथेच संपलं, माणसं सगळी वाचली. तोवर ते २८ वर्षांचं, इतकं खिळखिळं झालेलं की दुरुस्तीला पैसे घालायचे की नाही यावरच वाद होता. तुमचा सागाचा मुद्दा यात आलाच.

युरायलसबद्दल मात्र एक लिहितोच, कारण ॲगामेम्नॉनच्या सावलीत ते झाकलं जातं. ट्रफाल्गरच्या आधी रात्री शत्रूच्या ताफ्यावर नजर ठेवून नेल्सनला खुणा पाठवत राहणं, हे या ३६ तोफांच्या फ्रिगेटचं काम. लढाईत नेल्सनच्या खालोखालचा सेनानी कॉलिंगवुड, त्याच्या जहाजाच्या डोलकाठ्या पडल्या म्हणून तो युरायलसवर आला, आणि विजयाची व नेल्सनच्या मृत्यूची बातमी देणारा खलिता तिथे बसून लिहिला. नदीकाठच्या या उतारावर तासलेल्या लाकडावर.

गिरगावकर

मग मुंबई एक, बकलर्स हार्ड शून्य 😎 (आता कुणी देशभक्ती काढू नका, गंमत करतोय. मुंबईच्या गोदीतले सुतार-मजूर पण किती जणांना माहीत आहेत, आपल्यालाही फक्त वाडिया माहीत.)

नवखा_लंडनकर

जहाज बांधून झाल्यावर या चिंचोळ्या नदीतून बाहेर कसं काढायचे? फोटोत तर नदी आमच्या मुळेपेक्षा थोडी मोठी वाटते. आणि डोलकाठ्या, तोफा सगळं तिथेच चढवायचे का?

खाडीकर

नाही, इथून फक्त रिकामं खोकं जायचं. डोलकाठ्या नाहीत, तोफा नाहीत, तळाचा तांब्याचा पत्रा पण नाही, म्हणजे वजन कमी आणि पाणी कमी लागतं. बांधणीच उतारावर, शेपटी नदीकडे करून. मोठ्या भरतीचा दिवस बघायचा, घसरणीवर चरबी आणि साबण फासायचा, आणि भरती पुरी चढली की टेकू काढून सोडायचं. पंचक्रोशीतून माणसं बघायला यायची, जत्राच. मग वल्ह्याच्या होड्या पुढे बांधून वळणं घेत घेत नदीच्या तोंडापर्यंत ओढत न्यायचं, ओहोटी लागली की थांबायचं, आणि तिथून पोर्ट्समथला. तांब्याचा पत्रा, डोलकाठ्या, दोर, शिडं, तोफा हे सगळं तिकडे. डोलकाठीचं लाकूड मुळात इंग्लंडचं नसायचंच, बाल्टिककडून किंवा अमेरिकेतून आलेलं पाइन-फर.

ओहोटीला काठाशी गेलात तर जुन्या घसरणीची लाकडं चिखलात अजून दिसतात.

रेवा_के

मग बंद का पडलं? लोखंडी जहाजं आली म्हणून?

खाडीकर

लोखंड नंतर. आधी हिशोबाने मारलं. म्हातारा हेन्री बाजूला झाल्यावर बाल्थझार आणि एडवर्ड ही मुलं बघायला लागली, त्यांनी झेपणार नाहीत इतकी कंत्राटं एका वेळी उचलली, जहाजं उशिरा झाली, नौदलाने दंड लावला, प्रकरण कोर्टात गेलं. कंत्राटदारीची गोष्ट सगळीकडे सारखीच, आपल्याकडचे पूल आठवा. त्यात १८१५ ला वॉटर्लू झाली, नेपोलियन संपला, नौदलाला नवी जहाजं नको झाली. करवत्ये, लोहार पोटामागे गेले, आणि तुमचं ते शांत गाव तेव्हा तयार झालं. काम गेलं म्हणून शांत.

पुणेरी_कट्टा

हा शेवटचा मुद्दा पटला, बाकी सुरावर माझं मत कायम.

नवखा_लंडनकर

पुढच्या महिन्यात आईबाबा येतायत. त्यांना चालायला जमेल का? आणि तिथे दिवसभर करायला काय आहे, की तासाभरात संपतं?

खाडीकर

नुसतं बकलर्स हार्ड म्हटलं तर दोनएक तास, म्युझियम आणि घरं धरून. गाडी असेल तर सोपं. माझा सल्ला, आधी ब्यूली गावात जा, तिथे १२०४ मध्ये किंग जॉनने दिलेल्या जागेवरचा सिस्टर्शियन पंथाच्या साधूंच्या जुन्या मठाचे अवशेष आहेत, आणि एके काळी भरतीच्या पाण्यावर चालणारी जुनी पाणचक्की. तिथून नदीकाठाने बकलर्स हार्डपर्यंत दोन-अडीच मैलांची पायवाट, जवळपास सपाट. आईबाबांना एवढं नको असेल तर त्यांना गाडीने आणा आणि तुम्ही चाला. उन्हाळ्यात छोटी बोट फेरी मारते नदीत. यॉट भरपूर दिसतील, फ्रान्सिस चिचेस्टर १९६६-६७ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आला ती जिप्सी मॉथ फोर पण याच नदीवर ठेवलेली असायची. आणि दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या स्वारीच्या आधी ही नदी परत एकदा नौदलाच्या लँडिंग क्राफ्टनी, म्हणजे सैन्य किनाऱ्यावर उतरवायच्या होड्यांनी, भरलेली होती.

वाटेत जंगलात सरळसोट ओकची राखीव बनं दिसतील. नौदलाला लाकूड कमी पडतंय म्हणून १८०८ मध्ये कायदा करून लागवड केली. शंभर वर्षांनी झाडं जहाजाजोगी झाली तोवर जहाजं पोलादी. त्यातली बरीच अजून उभी आहेत, कुणी तोडायला आलंच नाही.

मालवणी_मासो

सरळसोट म्हणतोस म्हणजे दाट लावल्यानी. मग फासळ्यांक तशे पण उपयोगाचे नव्हतेच, फळ्याच काढूच्या लागल्या असत्या 😄 आजोबा असते तर साहेबाक सांगितला असता, बाबा रे, बांधावर लाव.